डीटीपीवरून वेब डिझाइनकडे: आधी कागद सोडावा लागतो

इचलकरंजीच्या एका मुलाने विचारलंय: "ताई, सहा वर्षं डीटीपी करतोय. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं. कोरल ड्रॉ, फोटोशॉप हातातलं आहे. वय 27, शिक्षण बी.कॉम. वेब डिझायनर व्हायचंय. दिवसभर नक्की काम काय असतं? कोडिंग यावंच लागतं का? पैसे किती सुटतात? आणि एआय आल्यावर हे काम राहणार आहे का?"

मी 2003 पासून हेच करते. पहिली सात वर्षं पुण्यात नोकरी, नंतर कोल्हापुरात स्वतःचं. आता माझ्याकडे दोघं जण कामाला आहेत. तेव्हा जे सांगते ते छोट्या आणि मध्यम कामांच्या अनुभवावरून. हजार माणसांच्या कंपनीत डिझायनर काय करतो हे मला ऐकूनच माहीत आहे.

तुझ्या प्रश्नातला 'लग्नपत्रिका' हा शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटला. सहा वर्षं लग्नपत्रिका केलेल्या माणसाला गिऱ्हाईक म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. 'गणपती जरा मोठा घ्या', 'आत्याचं नाव राहिलं', तीन वेळा प्रूफ पास करून छापल्यावर 'अहो, मुहूर्ताची वेळ चुकली की'. आमच्याकडे गणपतीच्या जागी लोगो येतो आणि आत्याच्या जागी संचालक मंडळ, बाकी सगळं तसंच. अक्षरांमधली जागा, ओळींचं वजन, कुठलं नाव मोठं आणि कुठलं बारीक, ही नजरही तुला तयार मिळाली आहे. इंजिनिअरिंग करून आलेल्या पोरांना ती शिकवताना माझी वर्षं गेली.

तुझी अडचण वेगळी आहे. तुझ्या हाताला कागदाची सवय आहे.

पत्रिका सात बाय पाचची ठरली की ठरली. फ्लेक्स दहा बाय वीसचा म्हटला की त्यातली प्रत्येक गोष्ट कुठे बसणार हे तू ठरवतोस, आणि छापल्यावर ती तिथून हलत नाही. वेबपानाला असा कागदच नसतो. तेच पान कोणी साडेसहा हजारांच्या फोनवर 360 पिक्सेल रुंदीत बघतो, कोणी ऑफिसच्या 1920 च्या मॉनिटरवर. कोणाच्या आजोबांनी फोनमधलं अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलेलं असतं. कोणाचं नेट इतकं हळू की फोटो यायच्या आत तो मजकूर वाचून बाहेर पडतो. पान कसं दिसेल हे तू निम्मं ठरवतोस, उरलेलं वाचणाऱ्याचा फोन ठरवतो. डीटीपीतून आलेली बरीच मुलं याच्याशी पहिली दोन वर्षं भांडत बसतात.

मीही भांडले. 2003 साली आम्ही टेबलं घालून पानं बांधायचो. अदृश्य रेघांची टेबलं, त्यात तुकडे केलेली चित्रं. तळाशी बारीक अक्षरात लिहायचो, 'ही साईट 800 बाय 600 वर उत्तम दिसेल'. म्हणजे आमच्या कागदाच्या मापाचा पडदा वाचकाने आणायचा! साईट उघडली की आधी फ्लॅशमध्ये (हलती चित्रं करायचं तेव्हाचं सॉफ्टवेअर) फिरणारा लोगो आणि खाली 'स्किप' असं बटण. गिऱ्हाईक त्याच लोगोचे पैसे द्यायचं आणि वाचक तेच बटण दाबायचा. 2007 ला आयफोन आला तेव्हाही आमच्या गल्लीत काही हललं नाही. मे 2010 मध्ये ईथन मार्कॉट नावाच्या डिझायनरने 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हा लेख लिहिला. त्यात त्याने मांडलं की फोनसाठी वेगळी साईट करू नका, एकच पान पडद्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेईल असं बांधा. मला ते पटायला दोन वर्षं लागली आणि गिऱ्हाइकांना पटायला 2016 चा सप्टेंबर, म्हणजे जिओ. त्यानंतर वर्षभरात माझ्या जवळजवळ प्रत्येक साईटवर फोनवरून येणारे लोक कॉम्प्युटरवाल्यांच्या पुढे गेले. तो फिरणारा लोगो ज्यावर चालायचा तो फ्लॅश ॲडोबीने 31 डिसेंबर 2020 ला कायमचा बंद केला. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

आता दिवसभराचं काम. एकच उदाहरण नीट सांगते, त्यातून बाकीचं कळेल.

तासगाव भागातल्या एका द्राक्ष रोपवाटिकेची साईट केली होती. मालकांना हवं होतं ते असं: ड्रोनने काढलेला व्हिडिओ, त्यावर मोठ्या अक्षरात संस्थापकांचं नाव, खाली सरकणारे पाच फोटो. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, "हंगामात दिवसाला फोन किती येतात आणि लोक काय विचारतात?" त्यांनी मोबाईल काढला आणि कॉल लॉग दाखवला. चाळीसच्या वर फोन. विचारणा चारच: डॉगरीजची (द्राक्षाच्या खुंटाची एक जात) रोपं शिल्लक आहेत का, दर काय, गाडी कधी मिळेल, आगाऊ किती भरायचे. झालं, साईट तिथेच ठरली. पहिल्या पडद्यावर रोपांची शिल्लक, दर, पोचवण्याची तारीख आणि फोन. ड्रोनचा व्हिडिओ खाली गेला. मालक थोडे नाराज झाले, पण चाललं.

मग मी माती खाल्ली. त्या काळात फिकट राखाडी अक्षरांची फॅशन होती. पांढऱ्यावर राखाडी, फार सुबक दिसायचं माझ्या एसी खोलीतल्या मॉनिटरवर. शिवाय वरच्या पट्टीत फोन नंबर सुंदर टायपात बसवायचा म्हणून मी तो फोटोशॉपमध्ये लिहून चित्र म्हणून टाकला. साईट चालू झाली. मालकांनी दुपारी दोन वाजता रोपवाटिकेत उभं राहून ती उघडली आणि मला फोन केला, "मॅडम, कायच दिसंना ओ. आणि नंबर दाबला तर लागंना." फेब्रुवारीचं ऊन, फोनचा उजेड पूर्ण वाढवलेला, तरी अक्षर दिसत नव्हतं. नंबर चित्र होता, तो लागणार कसा? ज्या माणसासाठी साईट केली तो बागेत उभा राहूनच ती बघणार होता, आणि मी बागेत एकदाही उघडून बघितली नव्हती.

अक्षराचा रंग आणि पार्श्वभूमी यांत किती फरक हवा याचं माप ठरलेलं आहे: साध्या मजकुराला निदान 4.5 ला 1. ते मोजायची फुकट साधनं आहेत. मला ते माप तेव्हा पाठ होतं, ही त्यातली लाजिरवाणी गोष्ट. दुसऱ्या दिवशी अक्षरं काळी केली, नंबर खरा मजकूर केला आणि फोनवर पडद्याच्या तळाशी कायम दिसणारं 'फोन करा' असं बटण ठेवलं. शिल्लक रोपांचा आकडा मालकांच्या पोराला स्वतः बदलता येईल अशी सोय करून दिली. त्या वर्षी 'शिल्लक आहेत का' विचारणारे फोन कमी झाले, असं मालक म्हणाले. खरे किती कमी झाले ते मी मोजलं नाही.

तर वेब डिझायनरचा दिवस असा जातो: सकाळी कोणाला तरी प्रश्न विचारणं. दुपारी कागदावर किंवा फिग्मात (पानाचा आराखडा काढायचं सॉफ्टवेअर) चौकोन मांडणं, कुठल्या पानावर काय आणि कुठल्या क्रमाने. ते दाखवणं, बोलणी खाणं, बदलणं. मग एचटीएमएल आणि सीएसएसमध्ये (पानाची रचना आणि रूप सांगणारं कोड) किंवा वर्डप्रेसमध्ये (साईट बांधायचं तयार सॉफ्टवेअर) ते बांधणं. चार फोनवर तपासणं. गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले धुरकट फोटो परत मागणं, आणि मूळ पाठवले की त्यांचे पाच-पाच एमबी दीडशे केबीवर आणणं. रंग निवडणं आणि टाइप जुळवणं, ज्याला बाहेरचे लोक डिझाइन म्हणतात, ते आठवड्यातून एखादा दिवस.

आणि सगळ्यात जास्त वेळ जातो मजकुराची वाट बघण्यात. 'आमच्याविषयी' या पानासाठी दहा ओळी मागितल्या की गिऱ्हाईक म्हणतं, "दोन दिवसांत पाठवतो." मार्चमध्ये म्हटलेले दोन दिवस माझ्याकडे दिवाळीपर्यंत गेलेले आहेत. मी आता वाटच बघत नाही. समोर बसवते, फोनवर रेकॉर्डिंग लावते, अर्धा तास बोलायला लावते आणि त्यातून स्वतः मजकूर लिहिते. त्याचे वेगळे पैसे लावते. तुला चांगलं मराठी लिहिता येत असेल तर निम्मी लढाई तिथेच जिंकलीस, कारण बाजारात ते येणारे डिझायनर फार थोडे आहेत. अर्ज भरल्यावर खाली 'सबमिट करा' असं बटण लिहायचं की 'अर्ज पाठवा', हासुद्धा डिझाइनचाच निर्णय आहे.

मराठी अक्षरांवर जरा जास्त बोलते, कारण इथे तुझं डीटीपी कामाला येईल आणि आडवंही येईल.

तू श्रीलिपीत (मराठी टाइप करायचं जुनं सॉफ्टवेअर) काम करत असणार. त्या जुन्या फॉन्टमध्ये 'क' हे खरं 'क' नसतं. इंग्रजी अक्षराच्या जागेवर काढलेलं ते 'क'चं चित्र असतं. म्हणून तोच मजकूर वेबपानात चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा दिसतो. पूर्वी आम्ही वाचकांनाच सांगायचो, 'आधी हा फॉन्ट डाउनलोड करा'. युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीने, ते बंद केलं. विंडोज 2000 बरोबर प्रा. र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट आला आणि वेगळा फॉन्ट डाउनलोड न करता मराठी दिसायला लागलं. तरी पुढे दहा वर्षं आमच्याकडे बातम्या, अहवाल, परिपत्रकं जुन्याच फॉन्टमध्ये यायची. अजूनही येतात. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरते.

एक गंमत सांगते. एका संस्थेच्या सभासद यादीत 'कऱ्हाडे' शोधलं तर एकही नाव सापडेना. यादीत तर डोळ्यांसमोर सात कऱ्हाडे होते. तपासलं तर तो अर्धा 'र' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन पाय मोडून, दुसरा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळी आडनावं. यादी एका पद्धतीची, लोकांचे कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचे. सगळी यादी एका पद्धतीत आणली आणि शोधताना टाइप केलेला शब्दही त्याच पद्धतीत बदलून घेतला, तेव्हा सुटलं. हा घोळ बंगळुरूच्या डिझायनरला सापडला नसता असं मी म्हणत नाही, पण त्याला दोन दिवस जास्त लागले असते. 'ॲ'चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याच्या आधीच्या फॉन्टमध्ये 'ॲप' लिहिलं की चौकोन दिसतो.

दिसण्याच्या बाबतीत: इंग्रजी शीर्षकासाठी ओळीची उंची 1.1 ठेवतात. मराठीला ती ठेवलीस तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. शीर्षकाला 1.4, मजकुराला 1.6-1.7 च्या आसपास ठेव आणि 'र्की', 'ट्रू' असे शब्द मुद्दाम लिहून बघ. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, शिरोरेषा तुटते. फ्लेक्सवर तू ती हाताने जोडली असशील, वेबवर जोडायला कोण बसणार? इटॅलिक टाळ, बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये ते नसतंच, ब्राउझर सरळ अक्षर ढकलून तिरकं करतो. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा मराठी आहे असं लिही. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' वेगळा दिलेला असतो, तिथे तो त्यामुळे आपोआप उमटतो, नाहीतर हिंदी वळणाचा येतो. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू, गूगलचा नोटो सान्स देवनागरी, टिरो देवनागरी मराठी हे सगळे फुकट आहेत आणि चांगले आहेत. पण देवनागरी फॉन्टची फाइल जोडाक्षरांमुळे जड असते. लग्नपत्रिकेसारखे पाच फॉन्ट एका पानात कोंबायचे नाहीत. एक फॉन्ट, दोन जाड्या, बस.

कोडिंगचं. हो, यावं लागतं, पण लोक घाबरवतात तितकं नाही. ऑफसेटला फाइल गेल्यावर काय होतं हे ज्या डीटीपीवाल्याला माहीत नाही, ब्लीड (कापताना लागणारी कडेची जास्तीची जागा) सोडत नाही, आरजीबीमध्येच (पडद्याच्या रंगांत) फाइल देतो, त्याची फाइल प्रेसवरून परत येते. एचटीएमएल-सीएसएस न येणाऱ्या वेब डिझायनरचं तसंच होतं. तो फिग्मात असं काही काढतो जे बांधताच येत नाही, किंवा बांधलं तर फोनवर कोसळतं. एचटीएमएल, सीएसएस, त्यातलं फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड (पान मांडायच्या दोन पद्धती), हे रोज दीड तास दिलास तर चार महिन्यांत हाताला येईल. त्यानंतर थोडं जावास्क्रिप्ट. वर्डप्रेस शिकावंच लागेल, छोट्या कामांचा बाजार त्याच्यावरच चालतो. मोझिलाची एमडीएन ही साईट आणि फ्रीकोडकॅम्प, दोन्ही फुकट, दोन्ही पुरतात. इंग्रजीची भीती असेल तर ती याच वाचनात जाईल. 'सहा महिन्यांत शंभर टक्के नोकरी' म्हणणाऱ्या क्लासला साठ-सत्तर हजार भरू नकोस. ते पैसे चांगल्या खुर्चीत आणि एका जुन्या, स्वस्त, हळू फोनमध्ये घाल. फोन तपासायला. खुर्ची कशाला ते चाळिशीत कळेल. आयआयटी मुंबईचं आयडीसी किंवा अहमदाबादचं एनआयडी ही वेगळी वाट आहे. तिथून येणाऱ्यांची विचार करण्याची तालीम चांगली असते, पण माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणीही आजवर माझं सर्टिफिकेट मागितलेलं नाही.

नोकरीच्या जाहिरातींत तुला 'यूआय', 'यूएक्स', 'प्रॉडक्ट डिझायनर', 'फ्रंट एंड' अशी नावं दिसतील. छोट्या ठिकाणी हे सगळं एकच माणूस करतो आणि त्याला 'वेबसाईटवाला' म्हणतात.

पैसे. पुण्यात नवीन मुलाला माझ्या पाहण्यात महिना पंधरा ते पंचवीस हजार मिळतात, कोल्हापूर-सांगलीत दहा-बारापासून सुरुवात. तीन-चार वर्षांनी, हातात दाखवण्यासारखं काम असेल तर, पुण्यात ते दुप्पट-तिप्पट होतं. स्वतंत्र कामात पाच-सात पानांच्या साईटचे मी वीस हजार घेतलेत आणि ऐंशी हजारही घेतलेत. फरक पानांचा नव्हता. मजकूर, फोटो, दोन भाषा, नंतरची देखभाल यांचा होता. देखभालीचे वर्षाचे पैसे आधीच बोलून घे. माझं घर नव्या कामांपेक्षा देखभालीवर जास्त चालतं.

निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय फाइल उघडायची नाही. उरलेले साईट चालू करण्याआधी. हा नियम मी ओळखीच्या माणसांसाठी मोडला आणि ओळखीच्याच माणसांनी बुडवलं. एका शाळेचे उरलेले अठरा हजार मला चौदा महिन्यांनी मिळाले, तेही मुख्याध्यापक बदलल्यावर. 'उद्यम' नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) फुकट होते, ती करून ठेव. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल कराराप्रमाणे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर व्याज मागता येतं आणि सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते. मी तक्रार कधी केली नाही. बिलाच्या तळाशी ते वाक्य छापते, बऱ्याचदा तेवढं पुरतं. कंपन्या टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापून पैसे देतात, तो आयकराच्या पोर्टलवर जमा दिसतोय का ते दर तिमाहीला बघ. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या पुढे गेली की जीएसटी. तिथवर पोचलास की सीए गाठ.

डोमेन (साईटचा पत्ता) नेहमी गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर घ्यायचं. स्वतःच्या नावावर घेऊन ठेवणारे आणि भांडण झालं की साईट अडकवणारे लोक आपल्या धंद्यात आहेत. माझ्याकडे एक डॉक्टर आले होते, त्यांच्या आधीच्या वेबसाईटवाल्याने फोन उचलणं बंद केलं आणि नूतनीकरण चुकलं. आठ वर्षं पाटीवर, चिठ्ठीवर, लेटरहेडवर छापलेला पत्ता गेला. महिनाभराने तिथे दुसऱ्याच कुणाची जुगाराची जाहिरात दिसायला लागली. पेशंट फोन करून विचारत होते.

दृष्टिहीन माणसं स्क्रीन रीडरने साईट ऐकतात, हे शिकताना कोणी सांगणार नाही म्हणून इथेच सांगते. फोटोला वर्णन लिहिणं, बटणाला नाव देणं, माऊसशिवाय फॉर्म भरता येणं, हे पहिल्या दिवसापासून कर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते आहे, आणि एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. सरकारी कामांत हे मागतात. खाजगी कामात कोणी मागत नाही, तरी कर. वेळ फारसा जास्त लागत नाही.

राहिला एआय. खोटा दिलासा देत नाही. टेम्प्लेट घेऊन रंग बदलून दिलेली दहा हजारांची साईट, हे काम चाललंय. ते एआयने एकट्याने नेलं असंही नाही. गूगलवरची धंद्याची नोंद, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप बिझनेसने ते आधीच अर्धं नेलं होतं. वडापावच्या गाडीवाल्याला मी स्वतः सांगते, साईट करू नका, गूगलवर वेळ आणि फोटो नीट टाका. मी एआय रोज वापरते. कोडचा पहिला खर्डा त्याच्याकडून घेते, इंग्रजी मजकूर तपासून घेते. मराठी मजकूर दिला की तो छान, गुळगुळीत आणि कुठल्याही संस्थेला चालेल असा लिहितो. रोपवाटिकेच्या साईटसाठी मी त्याला विचारून बघितलं होतं. त्याने 'शेतकऱ्यांच्या स्वप्नांना नवे पंख' असं शीर्षक दिलं. त्याला कॉल लॉग कोणी दाखवला नव्हता ना.

म्हणून, ज्याला फक्त पान मांडता येतं त्याने आत्ता या धंद्यात येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला समोरच्याला नीट प्रश्न विचारता येतात, मराठी लिहिता येतं आणि बांधलेलं काम उन्हात जाऊन तपासायची लाज वाटत नाही, त्याला माझ्या भागात तरी काम कमी नाही. साखर कारखाने, पतसंस्था, दवाखाने, शाळा, यंत्रमागवाले. तुझ्या गावात तर शेवटचे ढिगाने आहेत.

नोकरी आत्ता सोडू नकोस. लग्नसराई आहे, मालकांची अडचण होईल आणि तुझा ओव्हरटाइमही बुडेल. रात्री शिकायला लाग. पहिला सराव म्हणून तुमच्याच दुकानाचं एक पान कर: पत्रिकेचे दर, किती दिवसांत मिळते, प्रूफ कसं बघायचं, पत्ता. सगळं मराठीत, युनिकोडमध्ये, एका फॉन्टमध्ये. आईच्या फोनवर, मालकांच्या फोनवर आणि दुपारी दुकानाबाहेर उभं राहून तुझ्या फोनवर उघड. मग मला लिंक पाठव, मी बघते. फोन नंबर चित्रात टाकला असशील तर आधी तो काढ.